आठ बटणांचा लाकडी दिवे-बोर्ड: खेळणं ठीक, खटका लटका

ऑनलाइन ‘बिझी बोर्ड’ म्हणून मिळणारा हा फळा खरं तर दोन-तीन वर्षांच्या कुठल्याही मुलासाठी केलेला. आठ चिमुकले स्विच, आठ रंगीत एलईडी, मागे पेन्सिल सेल. स्वमग्न मुलांचे आईवडील तो वेगळ्या आशेने मागवतात: भिंतीवरच्या बटणांचा नाद इकडे वळावा. त्या कामाला मी पाचांपैकी दोन गुण देईन.

बटणाच्या नादात तीन गोष्टी असतात. खट् असा आवाज, बोटाला जाणवणारा अडसर आणि अख्ख्या खोलीचा पालटणारा उजेड. या बोर्डाचा खटका मऊ, दिवा मोहरीएवढा आणि खोली जशीच्या तशी. मग मूल पुन्हा भिंतीकडे वळलं तर त्याला हट्टी म्हणू नये. दिव्यांची अशी ओढ 2013च्या डीएसएम-5 या मानसोपचाराच्या निदान-पुस्तिकेतही स्वमग्नतेच्या लक्षणाचं उदाहरण म्हणून दिलेली आहे.

गोव्याच्या हवेत आणखी एक भानगड. फळा बहुधा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा बारीक चुरा दाबून केलेला, असतो. जूनमध्ये कडा फुगतात, स्क्रू सैल होतात. सेलच्या पत्र्यावर हिरवट थर चढला की दिवा कधी लागतो, कधी नाही. दाबलं की लागणार, या भरवशावरच मुलाचा सगळा खेळ असतो, त्यामुळे असा अर्धवट बोर्ड नसलेलाच बरा. थर बारीक सँडपेपरने निघतो. सेलचं झाकण स्क्रूचं नसेल किंवा आत चपटे बटण-सेल असतील, तर बोर्ड सरळ परत पाठवा. गिळलेला बटण-सेल दोन तासांत अन्ननलिका भाजतो.

याच्याऐवजी फोंडा, म्हापसा, मडगाव, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून सामान आणून वायरमनकडून खरा बोर्ड करून घ्यावा: खरी बटणं, पण 12 व्होल्टवर. सहा मॉड्यूलचा, म्हणजे सहा बटणं मावणारा, भिंतीबाहेर बसणारा प्लास्टिकचा बॉक्स, 6 अँपिअरची चार साधी बटणं, दोन टू-वे, 12 व्होल्ट 1 अँपिअरचा, बीआयएसचा नोंदणी-क्रमांक (R-ने सुरू होणारा) छापलेला अडॅप्टर आणि मीटरला 60 दिव्यांची, 4.8 वॅटची एलईडी पट्टी एक मीटर. ती जेमतेम 0.4 अँपिअर घेते, म्हणजे अडॅप्टर आरामात पुरतो. पट्टी कात्रीच्या खुणेवरच कापायची, दर तीन दिव्यांनी. अधिक-उणे उलटं जोडलं तर काही जळत नाही, फक्त पेटत नाही. वर दुधी झाकणाची अ‍ॅल्युमिनियम पट्टी लावा, नाहीतर मूल उघड्या ठिपक्यांना डोळे चिकटवून बसतं. अडॅप्टर कपाटामागे, उंचावरच्या सॉकेटला.

दुकानदार इंडिकेटरवालं बटण पुढे करील. ते घेऊ नका. त्यातला निऑन 12 व्होल्टवर पेटतच नाही. घंटीचं बटणही नको, बोट उचललं की दिवा विझतो. पंख्याचा रेग्युलेटर इथे चालत नाही. दोन टू-वे मात्र जिन्यासारखे एकाच दिव्याला जोडा. कुठल्याही बटणाने लावा, कुठल्याही बटणाने विझवा. या बोर्डावरची सगळ्यात रंगणारी जागा हीच.

भिंतीवरची बटणं तरीही सुटत नाहीत, पण सगळी अडवायची गरजही नाही. पंप, फ्रिज आणि एसीवर तेवढी झाकणं लावा. बंद केलेला कॉम्प्रेसर लगेच चालू केला की अडखळतो, त्याला तीन मिनिटं तरी द्यावी लागतात. दुसरी सवय जास्त घातक: काही मुलं बटण अर्ध्यावर धरून आतली गुणगुण ऐकत बसतात. तिथे ठिणगी उडत राहते, पॉइंट जळतो, बटण तापतं. पिवळं पडलेलं किंवा गरम लागणारं बटण त्याच दिवशी बदला. जुन्या घरांत बहुधा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, नसतो; 30 मिलीअँपिअरचा बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा. (तेही मुलासमोर नको, नाहीतर आवडीच्या यादीत त्याची भर पडते.)

पावसात लाईट गेली की अडॅप्टरवरचा बोर्डही मेला. म्हणून आठ पेन्सिल सेलचा डबा आधीच जोडून ठेवा, तेही 12 व्होल्टच होतात. डबा आणि अडॅप्टर यांच्यात निवड करणारा स्विच ठेवा. दोन्ही एकदम जोडले तर अडॅप्टरची वीज सेलमध्ये घुसते आणि ते गळतात. पॉवर बँकेची युक्ती फसते: सगळे दिवे विझले की करंट घ्यायला कोणी उरत नाही, बँक झोपी जाते आणि पुढच्या खटक्याला दिवा लागत नाही.

गणेश चवथीला मूळ घरी जाताना हा सेलचा डबा लावूनच बोर्ड बरोबर न्या. तिथे माटोळीभोवती, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या चौकटीभोवती, लुकलुकणाऱ्या माळा असतात. त्यांचा कंट्रोलर स्थिर उजेडावर ठेवायला यजमानांना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.