स्कॉटलंडमधल्या ब्रेमारजवळच्या आमच्या गावातलं दुकान, हिवाळ्यातला अनुभव

अ‍ॅबर्डीनशायरमधला आमचा हा तिसरा हिवाळा, म्हणून गावातल्या या एकुलत्या एक दुकानाबद्दल लिहायलाच हवं. ब्रेमारला १० जानेवारी १९८२ ला उणे २७.२ डिग्री तापमान नोंदवलं गेलं होतं, यावरून थंडीचा अंदाज येईल. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो आणि बर्फ जास्त झाला की ग्लेनशी घाटाच्या रस्त्यावरचे गेट बंद करतात, मग दक्षिणेकडून गाडी येत नाही आणि पर्थला जायचं तर लांबचा वळसा.

अशा वेळी हे दुकान म्हणजे खरंच आधार. दूध, कोळशाची पोती, पायरीवर टाकायचं मीठ, मेणबत्त्या, सगळं मिळतं, पोस्टाचं काउंटरपण आतच. सकाळी लवकर गेलात तर गरम बटरी घ्याच, चपटा खारट पाव असतो, आत भरपूर चरबी, चहात बुडवून खाल्ला की आमच्या सासूबाईंना खारीची आठवण येते. मसूरचं सूप पण मस्त, फक्त फोडणी नाही एवढंच.

भाव सुपरमार्केटपेक्षा जास्त आहेत, भाजी गुरुवारनंतर सुकलेली असते, कोथिंबीर तर विसराच. पण मागच्या वर्षी वादळात दोन दिवस लाईट गेली होती तेव्हा दुकानातल्या ताईंनी गॅसवर पाणी तापवून सगळ्यांचे थर्मास भरून दिले, आणि शेजारचे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत म्हणून स्वतः बर्फातून चालत जाऊन बघून आल्या. माझ्याकडून पाचपैकी पाच.