आठवड्याचं जेवण: शिजवून ठेवावं, अर्धी तयारी करावी की गोठवावं?

कामाच्या दिवसांत घरचं, पौष्टिक खायचं आणि खर्चही आटोक्यात ठेवायचा, तर सुट्टीच्या दिवशी थोडी तयारी करावी लागते. अडतं ते किती तयारी करायची यावर. मार्ग तीन. पूर्ण जेवण शिजवून रोजचे डबे भरून फ्रीजमध्ये ठेवायचे, निवडणं-चिरणं-उकडणं तेवढं उरकून ठेवायचं, किंवा एरवीच्या स्वयंपाकात दुप्पट करून अर्धं गोठवायचं. माझा कौल दुसऱ्याला, जोडीला थोडा तिसरा. पण तुमचं उत्तर वेगळं असू शकतं, कारण कोणाची ओढाताण सकाळी होते तर कोणाची संध्याकाळी.

सकाळी पाच मिनिटंही मिळत नसतील, तर भरलेल्या डब्यांना तोड नाही. डबा उचलला की निघालात. खाण्याचं प्रमाण आधीच ठरलेलं असतं, त्यामुळे भुकेच्या भरात बाहेरचं मागवणंही टळतं. अडचण टिकण्याची. शिजवलेलं अन्न फ्रीजमध्ये, तेही आतलं तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असेल तर, तीन ते चार दिवस खाण्याजोगं राहतं. म्हणजे रविवारी शिजवलेलं जेमतेम गुरुवारपर्यंत. शुक्रवारचा डबा या हिशेबात बसत नाही, त्यामुळे पाच दिवसांचे डबे एकदम भरून फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला मी कोणाला देणार नाही. शिवाय तीच चव सलग तीन दिवस खाल्ली की चौथ्या दिवशी डबा तसाच परत येतो, आणि फेकलेलं अन्न सगळ्यात महाग पडतं.

भात ठेवणार असाल तर जास्त काळजी घ्या. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला की जिवाणू वाढतात आणि विष तयार होतं. त्यातलं एक विष नंतर खरपूस गरम केलं तरी जात नाही. म्हणून भात शिजला की रुंद, उथळ ताटात पसरा, वाफ जाऊ द्या आणि दोन तासांच्या आत झाकून फ्रीजमध्ये ठेवा. भरलेलं पातेलं तसंच आत सरकवलं तर कडा गार होतात, पण मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, आणि जिवाणूंना तेच हवं असतं.

अर्ध्या तयारीत संध्याकाळी गॅससमोर उभं राहावं लागतं, हे आधीच सांगते. पण वीसेक मिनिटांत ताजं, गरम जेवण होतं, आणि एकाच तयारीतून वेगवेगळे पदार्थ निघतात. उकडलेले छोले घ्या. एक दिवस कोशिंबिरीत, दुसऱ्या दिवशी सूपमध्ये, तिसऱ्या दिवशी रश्शात. खर्चाच्या दृष्टीनेही हाच मार्ग मला उजवा वाटतो. सुकी कडधान्यं हा प्रथिनांचा स्वस्त स्रोत आहे आणि शिजल्यावर वजनाने साधारण दुप्पट-अडीचपट होतात. राजमा असेल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात आणि मंद आचेवर ते पुरेसं नष्ट होत नाही.

भाज्यांमध्ये गाजर, कोबी, फरसबी चिरून बंद डब्यात चांगली राहतात. पालेभाजी धुतलीत तर अगदी कोरडी करा आणि डब्यात खाली कोरडं फडकं घाला. ओली राहिली की दोन दिवसांत चिकट होते. काकडी, टोमॅटो आयत्या वेळीच चिरा. चिरून ठेवलेल्या भाजीतलं सी जीवनसत्त्व थोडं कमी होतं, हे खरं. तरी घरात चिरलेली भाजी तयार असेल तर ती पोटात जाते, आणि आख्खी भाजी मात्र बऱ्याचदा फ्रीजमध्येच सुकते.

गोठवण्याचं काम सगळ्यात कमी कष्टाचं. वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, फक्त मोठं पातेलं चढवायचं. उणे १८ अंशांवर अन्न दीर्घकाळ सुरक्षित राहतं, पण चव आणि पोत राखायचा तर दोन-तीन महिन्यांत संपवा. डाळी, उसळी, सूप, खिम्याचा रस्सा छान गोठतो. बटाटा रवाळ होतो, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा, आणि काकडी तर पाणीच. एका वेळेपुरतं पिशवीत घालून आडवं, पातळ गोठवा, म्हणजे काढल्यावर लवकर वितळतं. डब्यात ठेवलंत तर वर जागा सोडा, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. नाव-तारीख लिहाच. रात्री फ्रीजरमधून फ्रीजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको, आणि खाताना आतपर्यंत वाफाळेल असं गरम करा.

एकटे राहणाऱ्यांनी गोठवण्यावर भर द्यावा, कारण छोट्या प्रमाणात रोज रांधणं वेळ आणि इंधन दोन्ही खातं. घरात वेगवेगळ्या आवडीची माणसं असतील तर अर्धी तयारी बरी. ज्यांना डबेच हवेत, त्यांनी सोमवार ते बुधवारचे फ्रीजमध्ये आणि उरलेले दोन गोठवून ठेवावेत. फ्रीज लहान किंवा फ्रीजर नसेल, तर आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि बुधवारी रात्री, थोडी थोडी तयारी करा. बुधवारी फक्त कडधान्य उकडायचं आणि एक-दोन भाज्या चिरायच्या.