६३०१ बेअरिंग: आकडा तोच, अक्षरे वेगळी (एका पावसाळ्यानंतरचा अनुभव)

गेल्या मार्चमध्ये मी मोटरसायकलच्या पुढच्या चाकातील दोन्ही बेअरिंग आणि घरातल्या स्कूटरचा बेल्ट घरीच बदलला आणि मजुरी वाचल्याच्या आनंदात ते चार लोकांना सांगितलेही. ऑक्टोबरमध्ये यवतेश्वरचा घाट उतरताना ताशी ४० किमीच्या पुढे पुढच्या चाकातून तीच जुनी घरघर पुन्हा ऐकू आली.

या चाकाच्या बेअरिंगवरील ६३०१ या आकड्यावरून १२ मिमी आसाचे भोक, ३७ मिमी बाहेरचा व्यास आणि १२ मिमी रुंदी एवढेच कळते. बेअरिंगचे तोंड कशाने झाकले आहे, हे त्यापुढची अक्षरे सांगतात. मी दुकानात केवळ आकडा सांगितला आणि काहीही न विचारता मला झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असलेले बेअरिंग मिळाले. हा पत्रा आतल्या कड्याला टेकत नाही. तो धूळ बऱ्यापैकी अडवतो, साताऱ्याचा पाऊस नाही. खोलल्यावर ग्रीसच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गाळ निघाला. रबरी सीलचे २आरएस बेअरिंग अवघ्या २० रुपयांनी महाग होते!

येथपर्यंत सगळा राग दुकानदारावर होता. परंतु हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा, ज्यात बेअरिंग बसते) झिजलेला डस्ट सील, म्हणजे धूळ-पाणी अडवणारे कडे, ३५ रुपये वाचवण्यासाठी मीच पुन्हा बसवला होता आणि गाडी धुताना पाण्याचा फवाराही थेट तेथेच मारून घेत होतो, त्यामुळे तो राग निम्मा मागे घेतो.

दुसऱ्या वेळी २आरएस बेअरिंग थंडीने किंचित आकसावे म्हणून रात्रभर फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवले (त्यावर घरात झालेली चर्चा येथे देत नाही), हब फुगावा म्हणून गरम पाण्याच्या फडक्याने शेकला आणि बाहेरच्या कड्यावरच टेकेल असा सॉकेट ठेवून हलकेच ठोकले. दोन बेअरिंगांच्या मधली नळी विसरू नये. ती नसेल, तर आसाचा नट आवळताच दोन्ही बेअरिंगवर आडवा ताण येतो.

स्कूटरच्या बेल्टबद्दल तक्रार नाही. बाण पाहून, पुलीला तेलाचा हात न लावता बसवला. निघतानाची थरथर गेली. व्हेरिएटरचा (बेल्ट फिरवणाऱ्या पुढच्या पुलीचा) नट मात्र गॅरेजमध्ये आवळून घ्यावा लागला.

आता फेब्रुवारीत पुढचे चाक उचलून फिरवले, तर घरघर अजिबात नाही. ब्रेक शू घासल्याचा आवाज येतो, त्याचे सामान आणायचे आहे.