पेस्ट कमांड, काही महिने वापरल्यावर: वेग उत्तम, पण चूक झाली तरी गप्प

रिपोर्टमधले तापमानाचे आकडे एका ओळीने सरकलेले सापडले, म्हणून हे लिहितोय. लॉगच्या, म्हणजे वेळेनुसार नोंदी असलेल्या, फायली शेजारी-शेजारी कॉलममध्ये लावायला माझ्या शेल स्क्रिप्टमध्ये (लिनक्सच्या कमांड ओळीने लिहिलेली फाइल) पेस्ट ही कमांड आहे; कॉपी-पेस्टमधलं पेस्ट नव्हे. मधे टॅब येतो, डी ऑप्शनने हवं ते चिन्ह देता येतं, हे माहीत असेलच. वेगाबद्दल तक्रार नाही. ओळ वाचायची, लिहायची, पुढे जायचं. त्यामुळे फाइल कितीही लांब असली तरी मेमरी फुगत नाही. एक्सेलची शीट १०,४८,५७६ ओळींवर संपते, इथे तसं काही नाही. आणि पैसा एक लागत नाही.

पण ओळी जुळत नसल्या तरी ही कमांड अवाक्षर काढत नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. पहिल्या फाइलमध्ये १०:००, १०:०५, १०:१० अशा वेळा आहेत. दुसऱ्या फाइलमध्ये १०:०५ ची नोंद पडलीच नाही. पेस्ट १०:१० चं तापमान बिनदिक्कत १०:०५ पुढे लावते. तिथून खाली सगळं चुकीचं, आणि शेवटच्या ओळीत फक्त एक रिकामा रकाना. हजारो ओळींच्या तळाशी जाऊन तो कोण बघणार? एररही नाही, वॉर्निंगही नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’.

विंडोजवरून आलेल्या फायलींचा त्रास मात्र पेस्टच्या माथी मारू नका. ओळीच्या शेवटी राहिलेल्या कॅरेज रिटर्नमुळे (कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेणारं न दिसणारं अक्षर) स्क्रीनवर पुढचा कॉलम आधीच्यावर छापला जातो. डेटा शाबूत असतो. टीआर या कमांडने ते अक्षर काढलं की झालं.

चिडून जॉइन या दुसऱ्या कमांडकडे वळलो. ती वेळेवरून जुळवते आणि फाइल सॉर्ट केलेली नसेल तर ग्नूची (लिनक्सवर सहसा असते ती) जॉइन तक्रारही करते. पेस्टकडून मला एवढंच हवं होतं! पण जॉइन एका वेळी दोनच फायली घेते. डझनभर फायलींसाठी साखळी लावायची, मधल्या तात्पुरत्या फायली सांभाळायच्या, एकीकडेच असलेल्या ओळी गळू नयेत म्हणून ए ऑप्शन लक्षात ठेवायचा. तेव्हा पेस्टची खरी किंमत कळली. आता पुन्हा तीच वापरतोय, फक्त पहारा बसवून.

नुसत्या ओळी मोजून भागत नाही. ओळी मोजायची कमांड डब्ल्यूसी खरं तर न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण, मोजते, त्यामुळे शेवटची ओळ एंटरशिवाय संपली तर आकडा एकाने कमी येतो. शिवाय एक नोंद गळून दुसरी दोनदा पडली, तर बेरीज बरोबर आणि जुळणी चूक. म्हणून मी प्रत्येक फाइलचा वेळेचा कॉलम कट या कमांडने वेगळा काढतो, सीएमपी या तुलनेच्या कमांडने पहिल्या फाइलशी ताडून बघतो आणि फरक दिसला की स्क्रिप्ट तिथेच थांबवतो. पेस्ट त्यानंतरच चालते.

आणि फायलींच्या नावांत आकडे असतील तर आकड्याआधी शून्यं लावा (०१, ०२ अशी). नावांऐवजी नुसता तारा (*, म्हणजे ‘सगळ्या फायली’) दिला की शेल त्या १, १०, ११, २ अशा क्रमाने देतो आणि कॉलमही त्याच क्रमाने लागतात. त्याबद्दलही पेस्ट काही बोलणार नाही.