सिस्प्लॅटिन दर आठवड्याला की दर तीन आठवड्यांनी?

तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर कापलेल्या कडेला रोग शिल्लक असल्यास, किंवा तो मानेतील गाठीचे आवरण भेदून बाहेर गेला असल्यास, सुमारे सहा आठवड्यांच्या रेडिओथेरपीसोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध दिले जाते. जुन्या पद्धतीत शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठफळामागे 100 मिलिग्रॅमचा डोस दर तीन आठवड्यांनी देतात. त्यात उलट्या, मूत्रपिंडाला इजा आणि श्रवणदोष यांचा धोका मोठा असतो व भरपूर सलाइन द्यावे लागते. साप्ताहिक डोस सोसायला सोपा आणि बहुधा बाह्यरुग्ण विभागातच उरकणारा, म्हणून भारतात तो रुळला.

मात्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साप्ताहिक 30 मिलिग्रॅमच्या गटात दोन वर्षांनंतर स्थानिक नियंत्रण (म्हणजे मूळ जागी किंवा मानेत रोग न उलटणे) 58.5 टक्के, तर तीन आठवड्यांच्या गटात 73.1 टक्के होते. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरील जपानी चाचणीत मात्र साप्ताहिक 40 मिलिग्रॅम जगण्याच्या प्रमाणात तीन आठवड्यांच्या डोसपेक्षा उणे ठरले नाही. माझ्या मते फरक वेळापत्रकापेक्षा एकूण मात्रेचा असावा: सहा आठवड्यांत 30 प्रमाणे 180, तर 40 प्रमाणे 240 मिलिग्रॅम होतात. मूत्रपिंड किंवा श्रवणशक्ती आधीच कमकुवत असल्यास साप्ताहिक 40चा विचार डॉक्टरांशी जरूर बोलावा.