आर्वी रोडचं गॅरेज: जुन्या अँबेसिडरचं ऑइल प्रेशर शेवटी इथंच सापडलं

बाबांची पेट्रोल अँबेसिडर, १४८९ सीसीवाली. इंजिन शहरात एका ठिकाणी पूर्ण बांधून घेतलं होतं, क्रँक २० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ग्राइंड, बेअरिंग नवे, पिस्टन नवे, सगळं. गाडी घरी आली तर थंड असताना ऑइल प्रेशरचा काटा ५० पौंडाच्या वर आणि पुलगावपर्यंत जाऊन आलं की स्लोवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) पार ५ पौंडावर. बांधणारे म्हणे जुन्या गाड्यांचं असंच असते, घट्ट तेल टाका. असं कसं असते हो? गरम इंजिनात स्लोवर १५ च्या जवळपास आणि रोडवर ५० च्या आसपास पाहिजेच.

मग आर्वी रोडवरच्या मिस्त्रीकाकांकडे नेली. पाटी नाही, टीनाचं शेड आहे, बाहेर ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. आल्याआल्या पाना लावला नाही हे मला सगळ्यात आवडलं. आधी डॅशबोर्डचा मीटर खरं सांगते का म्हणून ब्लॉकला स्वतःचं मेकॅनिकल गेज जोडलं, गाडी चांगली तापेपर्यंत चालवली. गेजपण ५ च! मग ब्लॉकच्या बाजूचा डोम नट खोलून रिलीफ वॉल्व (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) पाहिला, साफ होता, स्प्रिंगपण बरोबर. मी घट्ट तेलाचं विचारलं तर म्हणाले, "काटा वर येईन भाऊ, झीज थोडीच थांबन? पंप नुसतं तेल ढकलते, प्रेशर बनते तेलाले अडवल्यानं. गॅप कुठं हाय ते पाहू."

चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवलं. एका बिग एंडमध्ये (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग) प्लास्टिगेजची दोरी (चपटी झाली की रुंदीवरून गॅप कळते) दाबून पाहिली, २ थाऊच्या आसपास, म्हणजे बेअरिंगचं काम चांगलं होतं. खरी भानगड पंपात निघाली, नव्या इंजिनात जुनाच पंप बसवून दिलेला! कव्हरवर रोटरनं (पंपातला फिरणारा भाग) गोल गोल रेघा पाडलेल्या. काकांनी पंपाच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आन् खालून फिलर गेज (गॅप मोजायच्या पात्या) सरकवला, ५ थाऊची पाती (तिथंच लिमिट संपते) आरामात गेली, ८ चीपण गेली, त्याच्या पुढची अडकली. तेल गरम होऊन पातळ झालं की तिथूनच मागं निसटत होतं.

नवा पंप मिळेना, तर डॉवेल पिना काढून बॉडीचं तोंड जाड काचेवर पॉलिश पेपर आणि रॉकेल घेऊन घासलं, थोडं घास, धू, मोज, परत घास, असं करत ३ थाऊवर आणलं. कव्हरपण सपाट केलं. घाई म्हणून नाही. आता भर उन्हात गाडी तापली तरी स्लोवर १६-१७ आणि रोडवर ५० टिकते, २०डब्ल्यू-५० तेलावरच.

पैसे वाजवी घेतले, पक्कं बिल मात्र मिळत नाही. पेरणीच्या टायमाले जाऊ नका, ट्रॅक्टरवाल्यांचा नंबर आधी लागते आणि लागलाच पाहिजे. चेंबरचं कॉर्क पॅकिंग आणि फिल्टर सोबत न्या, तिथं भेटत नाही.