पर्पल मार्टिनसाठी आठ भोपळ्यांचा संच: घ्यावा का?

पाकोळ्यांच्या कुळातील उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा पक्षी म्हणजे पर्पल मार्टिन. रॉकी पर्वताच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने टांगलेल्या घरांतच अंडी घालतो, त्यामुळे त्याच्यासाठी घर विकत घेताना देखणेपणापेक्षा त्याच्या सवयी पाहाव्या लागतात. येथील मूलनिवासी वाळवलेले भोपळे टांगत असत. ह्यूस्टनजवळच्या आमच्या अंगणातील संचात त्याच घाटाचे आठ भोपळे आहेत, पण पांढऱ्या प्लास्टिकचे. तंबोऱ्याचा भोपळा पाहिलेल्या मराठी माणसाला हा घाट लगेच आपलासा वाटावा.

या संचाची खरी जमेची बाजू म्हणजे मागचे फिरकीचे झाकण. खांबावरची चरखी फिरवून भोपळे खाली घेतले आणि झाकण उघडले, की काटक्या, गवत आणि चिखल यांचे घरटे, दाराशी चिखलाचा बुटका बांध आणि अंड्यांखाली तोडून आणून पसरलेली हिरवी पाने असा सगळा संसार दिसतो. अशा थोडक्या पाहणीने मार्टिन घरटे सोडत नाही. दार चंद्रकोरीच्या आकाराचे, जेमतेम 3 सेंटिमीटर उंच असल्यामुळे 1890 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सोडलेल्या आणि पुढे देशभर पसरलेल्या, घरटी बळकावणाऱ्या युरोपीय साळुंक्यांना बहुधा आत शिरता येत नाही. चिमण्यांना मात्र ते अडवत नाही आणि जाहिरातीत याचा उल्लेखही नाही.

त्याहून मोठी उणीव म्हणजे साप आणि रॅकून (मांजराएवढा, चढण्यात पटाईत असा येथील रानटी प्राणी) वर चढू नयेत म्हणून खांबाला लावायचा पत्र्याचा अडसर संचात मिळत नाही. तो वेगळा घ्यावाच लागतो. त्याच्याशिवाय खांब उभा करणे म्हणजे पिल्लांचे ताट वाढून ठेवणे. जागा मोकळी हवी, झाडे निदान 40 फूट दूर हवीत.

फेब्रुवारीत येणारे जुने पक्षी आपल्या ठरलेल्या वसाहतीतच परततात, नव्या जागी प्रामुख्याने मागाहून येणारे तरुण पक्षी उतरतात. तेव्हा मार्चमध्ये भोपळे रिकामे दिसले म्हणून संच परत करण्याची घाई करू नये. उन्हाळ्याअखेर पक्षी ब्राझीलच्या वाटेला लागले की भोपळे उतरवून धुवावेत, वाळलेला चिखल पाण्याने सहज सुटतो. मात्र ते एकात एक बसत नसल्यामुळे ठेवायला गॅरेजचा अख्खा कोपरा लागतो.